दाढेतलं माहेर

या, असे जवळ सरकून बसा. तुम्ही मागे का काकी? पुढे या, मला मोठ्यानं बोलता येत नाही. आज एक गोष्ट सांगायची आहे. देवादिकांची नाही, आमच्या सडेखोलच्या माणसांची आहे. पण कीर्तनात बसून बसून माझी सांगायची सवयच तशी झाली आहे, तेव्हा मधे थोडं निरूपण होईल. कंटाळू नका. निरूपणाशिवाय आख्यानाला गोडी येत नाही, असं मी लहानपणापासून पाहत आले आहे.

दोन हजार पंचेचाळीस साल. नोंद कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. मी तालुक्याच्या रुग्णालयात दातांच्या विभागात होते, आणि तिथं सरकारनं एक नवं यंत्र बसवलं होतं. त्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. लोक त्याला दाढयंत्र म्हणत. ते चालवायची जबाबदारी माझ्यावर होती.

एका सकाळी गगन खडका माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात सरकारी पाकीट होतं.

"वृंदाताय, ह्या जरा वाच गो. माका वाटता ह्या माझ्यासाठी नाय. खंयच्या तरी दुसऱ्या गगनासाठी आसतला."

गगन म्हणजे आमच्या गावातला कलमं बांधणारा. आंब्याच्या कलमाची गाठ त्याच्याइतकी नेटकी कुणाला येत नाही. चेहरा नेपाळी आणि बोली अशी, की मुंबईहून आलेली आमची पोरं त्याच्याकडून मालवणी शिकतात. त्याचे आईवडील बागेच्या राखणीसाठी नेपाळच्या पश्चिम टोकाहून आले, ते इथंच राहिले आणि इथंच गेले. गगन शाळेत माझ्या मागच्या रांगेत बसायचा. देवळात कीर्तन असलं की बुवांच्या मागे टाळ धरायचा. त्याची बायको रेश्मा बंदरावरच्या गाबतांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची, मुलगी ईश्वरी बारावीला.

मी पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

"काय म्हणतत?"

"म्हणतात, तुझा जन्म तिकडचा. तुझी नोंद झालेली नाही. तीस दिवसांत मूळ देशी परत जायचं."

"मूळ देश म्हणजे खंयचो?"

"नेपाळ."

तो हसला. "मी रत्नागिरीच्या फुडे कदी गेलंय नाय. थंय माका कोण ओळखतलो?"

चूक कुठं झाली ते पत्रातच लिहिलं होतं. नोंद कायदा असा होता: ज्यांचा जन्म इथला, ते इथले. ज्यांचा जन्म बाहेरचा, पण ज्यांनी पूर्वीच्या मुदतीत अर्ज भरून नोंद केली, तेही राहतील. बाकीच्यांनी परत जायचं. गगनच्या आईवडिलांनी अर्ज भरला होता. आगमनाची तारीख लिहिली होती, नोव्हेंबर दोन हजार एक. गगन इथं जन्मला म्हणून त्याचं नाव त्या अर्जात घातलं नाही. आणि गगनच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून दोन हजार एक. म्हणजे आईवडील यायच्या आधी पाच महिने! ग्रामपंचायतीची जन्मनोंदवही असती तर प्रश्न मिटला असता, पण ती वाळवीनं खाल्ली होती.

शाळेच्या दाखल्यावर सही माझ्या वडिलांची होती.

अप्पा त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांचे. छत्तीस वर्षं सडेखोलच्या शाळेत गुरुजी. ओटीवर बसून सुपारी कातरत होते. मी विचारलं, "अप्पा, गगनची जन्मतारीख एक जून कशी?"

"मी सगळ्यांचीच एक जून लावायचो. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा पोरगं जूनचं. आईबाप सांगायचे, गुरुजी, मोहोर येत होता तेव्हा झाला. गुरुजी, नाचणी कापत होतो तेव्हा झाली. मोहोराची तारीख कुठल्या रकान्यात लिहू?"

"माझीसुद्धा एक जून आहे."

"तू जानेवारीतली. मग? काही बिघडलं का तुझं?"

"आणि साल? दोन हजार एक कसं आलं?"

अडकित्ता थांबला.

"खिचडीसाठी," अप्पा म्हणाले.

गगन पौष महिन्यात जन्मला, दोन हजार तीनच्या जानेवारीत. साडेचार वर्षांचा होता. आई बागेत, बाप बागेत, आणि हा शाळेच्या दारात येऊन बसायचा. दुपारची खिचडी पटावर नाव असलेल्यांनाच. पटावर नाव यायला सहा वर्षं पूर्ण हवीत. अप्पांनी त्याला दीड वर्ष मोठा केला आणि ताटली हातात दिली.

"चांगलं काम केलं असं वाटलं होतं ग मला," अप्पा म्हणाले. "मी जाऊन सांगतो त्या साहेबाला. मी लिहिलं, मीच खोडतो."

पण नव्या कायद्यात माणसाची साक्ष धरत नव्हते. माणसं खोटं बोलतात, असं त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच सभ्य शब्दांत लिहिलं होतं. कागदाबद्दल शंका असेल, तर निकाल दाढ देणार.

आता निरूपण.

स्ट्रॉन्शियम नावाचा एक धातू आहे. तो खडकात असतो, मातीत असतो, पाण्यात थोडाथोडा उतरतो. वागायला तो थेट कॅल्शियमसारखा, इतका की आपलं शरीर फसतं आणि त्यालाही हाडांत, दातांत नेऊन बसवतं. या स्ट्रॉन्शियमची दोन भावंडं धरा, एक किंचित जड, एक हलकं. खडक जितका पुरातन, तितकं त्यात जड भावंड जास्त, कारण रुबिडियम नावाचं दुसरं एक द्रव्य कोट्यवधी वर्षं झिजत झिजत त्यात रूपांतर पावतं. हिमालयातले कित्येक खडक अब्जावधी वर्षांचे, तिथं जड भावंडाची गर्दी. आमचा काळा कातळ लाव्हारसाचा, साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्यांच्यापुढे कालचं बाळ. तिथं हे भावंड कमी. आणि समुद्राचं प्रमाण दोहोंच्या मधलं, जगभर एकच. पाणी खडकातून झिरपतं, ते पाणी भात पितो, तो भात आपण खातो. अशी जमीन आपल्या अंगात शिरते.

हाडं आयुष्यभर झिजतात आणि नवी होतात. पण दाढेचं वरचं पांढरं कवच एकदा घडलं की पुन्हा बदलत नाही. पहिली मोठी दाढ घडते जन्मापासून तीन वर्षांत. म्हणून यंत्र त्या एकाच दाढेवर सुईच्या टोकाएवढा प्रकाश मारायचं, उडालेली वाफ मोजायचं आणि सांगायचं की या माणसाची पहिली तीन वर्षं कुठल्या जमिनीवर गेली. दुखत नाही, रक्त येत नाही, दोन मिनिटांत काम. आमच्या किनाऱ्यावर माणसं तारलीसारखे बारीक मासे काट्यांसकट चावून खातात, सुकटीशिवाय त्यांचा दिवस जात नाही. त्यामुळे आमच्या दाढांत समुद्र उतरलेला असतो. यंत्राला हे शिकवण्यासाठी किनाऱ्यावरच्या दोनशे माणसांच्या दाढा आधी मोजून ठेवल्या होत्या.

गगन खुर्चीत बसला. मला म्हणाला, "ताय, ह्या दाढेन तुमच्या परसातल्या फणसाचे गरे चोरून खाल्ले, तां पण मशीन सांगतला काय?"

"गप्प बस. आ कर."

यंत्रानं कागद दिला. *किनारा नाही. पुरातन पर्वतीय खडक. खात्री सत्त्याण्णव टक्के.*

मी तपासणी पुन्हा केली. तोच आकडा आला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. रेश्मानं चहा ठेवला, पण साखर घालायला विसरली. मी आकडा सांगितला. गगन गालावरून हात फिरवत बसला.

"दाढ माझी, आणि माकाच फितूर?"

रेश्मानं माझा हात धरला. "ताय, मशीन तुमच्याच हातात आसा. तेच्या नावार माझी दाढ घाला. मी बंदरावरची. माझ्या दाढेत समुद्राशिवाय काय गावचा नाय."

हे माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. खरं सांगते, वाटेतच आलं होतं.

"तां नको," गगन म्हणाला. "वृंदातायची नोकरी जायत, आणि माका जन्मभर बायकोच्या दाढेर जगूचा लागात. आदीच तू माका किती ऐकवतंस."

ईश्वरी हसली आणि तशीच रडायला लागली. गगननं तिला जवळ ओढलं. मग मला विचारलं, आणि हा प्रश्न अजून माझ्या मागे आहे:

"ताय, मी हंयचोच. तां तुका म्हायत आसा, माका म्हायत आसा. पण समज, मी खराच थंय जन्माक इलंय असतंय, आणि आवशीन माका सहा म्हयन्यांचो हंय हाडलो असतो. तर मग मी कोणाचो? चाळीस वर्षां हंय रवलेलो मी एकदम परको झालो असतंय?"

यंत्राकडे याचं उत्तर होतं. मी तो बिनसाखरेचा चहा संपवून उठले.

पंधरा दिवस उरले असतील. दुपारी मी आणि अप्पा जेवायला बसलो होतो. बांगड्याचं तिखलं होतं. अप्पांनी काटा काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि सुस्कारा टाकला.

"कौशिला असती तर वासानंच उठली असती."

कौशिला म्हणजे गगनची आई.

"म्हणजे? ती मासे खायची नाही?"

"तुला आठवत नाही? माळकरी होती ती. देवगड तालुक्यात राहून मासे सोडलेली नेपाळीण. लोक हसायचे. आली त्याच वर्षी माळ घातली." अप्पा जेवायचे थांबले. ते सांगायला लागले की हातातला घास हातातच राहतो. "तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण देवळात टाळ वाजले की बागेतून धावत यायची आणि अगदी मागे बसायची. तिथंच आपल्या जनार्दनबुवांची आई बसायची, रमाकाकी. रमाकाकी भंडाऱ्याकडची. थोरले बुवा एका चातुर्मासात तिकडे कीर्तनं करायला गेले आणि येताना बायको घेऊन आले. तिलाही पहिली काही वर्षं इथं करमलं नव्हतं. समुद्राकडे पाठ करून बसायची म्हणे. तिनं या पोरीला ओळखलं. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, तरी दोघी तासन् तास बोलायच्या. तिनंच कौशिलाच्या गळ्यात माळ घातली."

"आणि गगन पोटात असताना? दूध वगैरे?"

"दूध कुठलं? भात, कुळथाची पिठी, काळा चहा. मी म्हणालो होतो, अग काहीतरी खा. गगन तीन वर्षं अंगावर पीत होता. त्याला वाढवता वाढवता ती चाळिशीच्या आत कमरेत वाकली बघ. दात पडले सगळे."

मी ताटावरून उठले. अप्पा म्हणाले, "अग, भात तरी संपव."

कमरेत वाकली. दात पडले. बाळाचे दात घडवायला कॅल्शियम लागतं. आई खाण्यातून ते मिळवू शकली नाही, तर शरीर काय करतं? आईच्या हाडांतून ते विरघळवून काढतं आणि दुधातून बाळाला देतं. कौशिला गगनच्या जन्माच्या जेमतेम वर्षभर आधी डोंगरातून आली होती. तिची हाडं घडली होती हिमालयात. तिनं मासे खाल्ले असते, तर दुधात समुद्र उतरला असता. तिनं मासे सोडले होते, देवासाठी. म्हणून तिच्या दुधात उतरला तो तिच्या बालपणीचा डोंगर.

दाढ खरं तेच बोलत होती. फक्त ती गगनबद्दल बोलत नव्हती, त्याच्या आईबद्दल बोलत होती. आणि यंत्राला हे कधी कळलंच नव्हतं, कारण त्याला शिकवायला घेतलेल्या दोनशे माणसांत एकही माळकरी नव्हता. शिवाय आमच्याकडे सून येते ती फार तर दोन खाड्या ओलांडून, तिच्या माहेरचा कातळ आणि सासरचा कातळ एकच.

पण हे सिद्ध कसं करायचं? इथंच जन्मलेला, कागद पक्का असलेला, आई लांबून आलेली आणि मासे न खाणारी, असा माणूस हवा. तो माझ्या डोळ्यांसमोर दर एकादशीला उभा राहून गात होता.

ज्याला नोटीस नाही त्याची दाढ यंत्राखाली घ्यायची नाही असा नियम होता. मी तो मोडला. जनार्दनबुवा मिठबावकर उपरणं सावरत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाळ, अठ्ठावन्न वय झालं, पण दात सगळे घरचे आहेत हं. कवळीवाला बुवा 'रामकृष्ण' म्हणताना शिट्टी वाजवतो."

त्यांच्या जन्माची नोंद त्याच रुग्णालयाच्या वहीत होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण भंडारा पडला लांब, म्हणून रमाकाकींना पाठवलंच नव्हतं. त्या काळी कीर्तनकाराच्या घरात दूध पाहुण्यांपुरतंच यायचं, हेही बुवांनी सांगितलं.

यंत्रानं कागद दिला. मी तो त्यांच्यासमोर धरला.

*किनारा नाही. पुरातन खडक. पूर्व विदर्भ अथवा हिमालयाचा पायथा. खात्री त्र्याण्णव टक्के.*

बुवा आधी खोखो हसले. "म्हणजे मलाही नोटीस येणार का? चार पिढ्या या देवळात उभ्या आहेत आमच्या!"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आईची हाडं, दूध, दाढ. हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी जिभेनं ती दाढ चाचपली, जशी लहान मुलं हलणारा दात चाचपतात.

"आई आयुष्यात दोनदा माहेरी गेली," ते म्हणाले. "फार लांब पडायचं. मला न्यायचं न्यायचं म्हणत राहिली. मी कधी पाहिलं नाही ते गाव. आता तिथं आपलं कुणी उरलंही नाही." मग गालावर बोट टेकवलं. "आणि तू म्हणतेस, ते इथं आहे? अठ्ठावन्न वर्षं मी ते तोंडात घेऊन हिंडतोय?"

"हो बुवा."

त्यांनी हात जोडले. मला नव्हे, यंत्राला तर नव्हेच. मी दुसरीकडे पाहिलं.

आसपासच्या गावांतून मी आणखी तिघं शोधले. माळकरी घरातले, आई लांबून सून म्हणून आलेली, कागद स्वच्छ. तिघांच्याही दाढा म्हणाल्या, किनारा नाही.

सुनावणी तालुक्याच्या कचेरीत होती. बाहेरच्या बाकावर आम्ही सगळे: गगन, रेश्मा, ईश्वरी, मी, बुवा आणि धुतलेली टोपी घातलेले अप्पा. बाकाच्या टोकाला एक बाई बसली होती. तिनं डबा उघडला आणि कुणाला काही न विचारता आमच्या हातांवर घावणे ठेवले.

"खावा हो. आत गेल्यार भूक लागता. माका म्हायत आसा, मी दुसऱ्यांदा इलंय."

ती पवित्रा बोहरा. पलीकडच्या गावात आंब्याच्या पेट्या भरायची. आंबा नुसता हातात घेऊन वजन सांगायची. वय एकोणचाळीस, नवरा तिथलाच, दोन मुली. तिची कथा साधी होती. वडिलांनी मुदतीत अर्ज भरला होता, पण छापील अर्जात कुटुंबासाठी चार ओळी होत्या आणि ही पाचवी. कारकुनानं सांगितलं, पोर लहान आहे, चालेल. तिची दाढ मीच वाचली होती. पर्वतीय खडक. तिनं मला ओळखलं आणि घावण्यावर थोडी जास्त चटणी वाढली.

सुनावणी अधिकारी होत्या कोहळेबाई. चष्मा, पांढरे केस, आवाज मऊ. त्यांनी माझा अहवाल ओळ न् ओळ वाचला. अनेक प्रश्न विचारले. मग चष्म्यावरून बुवांकडे पाहिलं.

"भंडाऱ्याचं कोणतं गाव, बुवा?"

बुवांनी आईचं गाव सांगितलं.

"माझं माहेर तिथून दोन कोसांवर," कोहळेबाई म्हणाल्या. "म्हणजे यंत्राच्या मते तुम्ही माझ्या गावचे."

"मग मला माहेरी न्या कधीतरी, ताई," बुवा म्हणाले.

अप्पांना राहवलं नाही. उभे राहिले. "बाई, ती एक जून माझी. शिक्षा व्हायची तर मला होऊ दे. पोर उपाशी होतं."

"बसा गुरुजी," कोहळेबाई म्हणाल्या. "माझीही एक जूनच आहे."

त्यांनी निकाल सांगितला: दाढेतला अंश आईचा की बाळाचा, हे यंत्राला ओळखता येत नाही. म्हणून पहिल्या दाढेवरून जन्मस्थान ठरवता येणार नाही, आणि शाळेतल्या एक जूनवरूनही नाही. गगन खडका यांची नोटीस रद्द. रेश्मानं तोंडात पदर कोंबला. ईश्वरी अप्पांच्या गळ्यात पडली आणि त्यांची टोपी खाली पडली. गगन नुसता उभा होता. त्याचे ओठ हलत होते, आणि मला माहीत आहे तो काय म्हणत होता, कारण टाळ धरून उभा असताना तो तेच नाम घेतो.

आम्ही निघणारच होतो, तेवढ्यात पवित्राचं नाव पुकारलं. तिचे घावणे खाल्ले होते, निघवेना. मागे थांबलो.

कोहळेबाईंनी तिची फाइल उघडली. "पवित्राबाई, आता तुमच्या बाबतीतही यंत्राचा निकाल मला धरता येत नाही. दुसरा कागदही काही नाही. तेव्हा तुमचाच शब्द लिहून घ्यावा लागेल. तुमचा जन्म कुठला?"

खोलीत आम्हां सगळ्यांना एकदम कळलं की तिला काय म्हणायचं आहे. दोन शब्द. इथला जन्म. ते खोटं ठरवणारं आता जगात काही नव्हतं, आणि तो मार्ग मीच मोकळा केला होता. गगन खाकरला. अप्पा, ज्यांनी छत्तीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, ते पुटपुटले, "म्हण, पोरी."

पवित्रानं पदर सारखा केला.

"बाईनू, मी सहा म्हयन्यांची होतंय. आवशीन माका पाठीवरच्या टोपलीत घालून हाडल्यान. बाराव्या दिवशी हंय पोचलो. तिचा म्हणणा, सगळ्या वाटेर मी एकदाय रडलंय नाय. मरासर ती ह्या सगळ्यांका सांगी."

कोहळेबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी पुन्हा विचारते. नीट आठवून सांगा. घाई नाही."

"आठवान काय सांगू? मी सहा म्हयन्यांची. आवशीन सांगला तां." ती किंचित हसली. "तिच्याकडे सांगूक दुसरा काय नव्हता, बाईनू. ती एकच गोष्ट. ती मी खोटी कशी करू?"

खिडकीबाहेर तिच्या दोन मुली बापाचा हात धरून उभ्या होत्या. कोहळेबाईंनी खिडकीकडे पाहिलं. मग लिहिलं. तीस दिवस.   ज्या कायद्यानं कुणाच्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही, त्यानं त्या दिवशी एका बाईच्या शब्दावर पहिल्यांदा विश्वास ठेवला.

मी नंतर तिच्या दुसऱ्या दाढेचा आणि अक्कलदाढेचा आकडा काढून वर पाठवला. या दाढा पुढच्या वर्षांत घडतात, आणि दोन्हींत समुद्र होता. तिच्या तोंडातला जरासा पापुद्रा तिकडचा, बाकी सगळं आमच्या किनाऱ्याचं, असं स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं की अशा माहितीसाठी रकाना नाही. बुवांची दाढ परवानगीशिवाय वाचल्याबद्दल माझी बदली झाली, तीही त्याच पत्रात. पवित्राचं अपील चालू आहे. गगन दर तारखेला हजर राहतो. त्यानं एकही चुकवलेली नाही.

पवित्रा आता डोंगरातल्या एका गावात तिच्या चुलत्याच्या घरी आहे. मुली इथं शाळेत. रविवारी फोन येतो. परवा म्हणाली, "ताय, हंय माझी भाषा आयकान लोक हसतत. माका कोकणी म्हणतत." आणि स्वतःच हसली. मग विचारलं की यंदा मोहोर कसा आहे.

गोष्ट संपली. आज घरी जाल, देवापुढे बसाल आणि आपल्या माणसांसाठी हात जोडाल, तेव्हा माझं एवढंच मागणं. तुमच्या घरातही कुणीतरी लांबून आलेली असेल, आई, आजी, सून. तिचं नाव तर घ्यालच. त्याच्या पुढे आणखी एक नाव घ्या. पवित्रा बोहरा. आईची गोष्ट जिनं खोटी होऊ दिली नाही, तिला विसरू नका.